आयर्लंडच्या पोलिसांची नाडी

नाव ठेवण्याच्या कामी सरकारी खात्यांचा हात धरणारे कोणी नाही. आधी एक झोकदार शब्द शोधायचा, मग त्याच्या एकेका अक्षरात अर्थ कोंबायचा! आयर्लंडच्या पोलीस दलाने १९९९ साली आपले दप्तर संगणकावर चढविले, तेव्हा त्या व्यवस्थेला नाव दिले 'पल्स'. पोलीस युझिंग लीडिंग सिस्टिम्स इफेक्टिव्हली ही त्याची फोड. पल्स म्हणजे नाडी. आणि नाडी कधी खोटे बोलत नाही, असे आपले वैद्यबुवा सांगत आले आहेत.

तिथे साऱ्या देशाला पोलीस दल एकच. त्याचे नाव 'गार्डा शीओखाना', म्हणजे शांततेचे रक्षक. चोरी असो, अपघात असो, दंड असो, सारे या एका नाडीत. कॅसलबार गावी खास केंद्र आहे. रस्त्यावरचा शिपाई तेथे दूरध्वनीवरून हकीकत सांगतो आणि तेथील माणसे ती यंत्रात घालतात. व्यवस्था झकास आहे. पण यंत्र तेवढेच जाणते, जेवढे माणूस त्याला सांगतो.

मॉरिस मॅकेब नावाच्या सार्जंटला या दप्तरात काही भलतेच दिसले. वाहनचालकांचे दंड नि त्यांच्या परवान्यावरचे दोषगुण वरिष्ठांकडून परस्पर रद्द होत होते. त्याने आणि जॉन विल्सन या सहकाऱ्याने ते उघड केले. फळ काय? २०१२ च्या डिसेंबरात मॅकेबला पल्स पाहण्यावरच निर्बंध आले. चूक दाखवणाऱ्याचा चष्माच काढून घ्यायचा, ही युक्ती काही आयर्लंडची खास नव्हे.

पुढची हकीकत मला भाषेचा मास्तर म्हणून फार रुचते. जानेवारी २०१४ मध्ये पोलीसप्रमुख मार्टिन कॅलिनन यांनी संसदीय समितीपुढे या प्रकाराला 'डिस्गस्टिंग', म्हणजे किळसवाणा, म्हटले. मार्चमध्ये वाहतूकमंत्री जाहीरपणे म्हणाले की, या दोघांसाठी योग्य विशेषण 'डिस्टिंग्विश्ड', गौरवास्पद, हे आहे. पहिले अक्षर तेच, अर्थ मात्र उलटा! थोड्याच दिवसांत, २५ मार्चला, कॅलिनन पायउतार झाले. (पोलीस ठाण्यांतले दूरध्वनी ध्वनिमुद्रित होत असल्याचे प्रकरणही त्याच दिवशी बाहेर आले होते; सारे श्रेय एका विशेषणाला देणे बरे नव्हे.) हे मंत्री कोण? लिओ वराडकर. वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड. पुढे २०१७ साली ते पंतप्रधान झाले, आणि २०१९ च्या डिसेंबरात वराडला येऊनही गेले.

खरा गोंधळ २०१७ च्या मार्चमध्येच उघडकीस आला होता. मद्यपी चालक पकडण्यासाठी रस्त्यावर श्वासतपासणी होते. ज्या यंत्रात चालक फुंकतो, ते प्रत्येक फुंक स्वतःच मोजते. शिपाई मात्र आपला आकडा वेगळा सांगत असे, आणि तो पल्समध्ये जात असे. दोन्ही हिशेब शेजारी ठेवले तेव्हा यंत्रांत निघाल्या १० लाख ५८ हजार फुंका, पल्समध्ये १९ लाख ९५ हजार! नऊ लाखांवर माणसे न फुंकताच तपासली गेली. सप्टेंबरमधल्या चौकशीत, २००९ पासूनची वर्षे धरता, ही तफावत १४ लाख ५८ हजारांवर गेली. अवघ्या देशाची लोकसंख्या ४८ लाखांच्या आत!

वर्गातल्या हजेरीत एकाच कंठातून तीन 'हजर' निघतात, ते मी वीस वर्षे ऐकतो आहे. म्हणून मला या शिपायांचे फारसे नवल वाटत नाही. नवल वाटते ते असे की, दोन्ही वह्या उघड्या असताना त्या ताडून पाहायला कोणाला इतकी वर्षे सवड झाली नाही. साहेबाला आकडा हवा होता आणि आकडा मिळत होता. पण या आकड्यांवर विसंबून रस्ते सुरक्षित आहेत असे मानणारी कुटुंबे रात्री त्याच रस्त्यांनी घरी जात होती, ही गोष्ट मनातून जात नाही.

आपल्याकडेही २००९ साली पोलीस ठाणी संगणकाने जोडण्याची योजना मंजूर झाली, म्हणून मी हे इतक्या उत्सुकतेने वाचतो. आयर्लंडच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१८ पासून पोलिसी गुन्ह्यांचे आकडे छापताना त्यांवर 'राखून' असा शेरा मारायला सुरुवात केली. तो शेरा २०२३ मध्ये काढला.