शून्य, तीन, पाच, सहा

४ डिसेंबर १९७१. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावात फ्रँक झाप्पाची मैफल सुरू असताना कॅसिनोला आग लागली. तिथेच ध्वनिमुद्रण करायला आलेल्या ‘डीप पर्पल’ या बँडने या घटनेवर ‘स्मोक ऑन द वॉटर’ रचलं आणि जगभरच्या नवशिक्यांना गिटारचा पहिला धडा मिळाला.

गाण्याची सुरुवातीची धून मधल्या दोन तारांवर वाजते: मोकळ्या तारा, मग तिसरा, पाचवा आणि सहावा फ्रेट. बस्स.

पण सोपेपणा इथेच संपतो. बँडचा तेव्हाचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर ही धून पिकने छेडत नाही. बोटांनी दोन्ही तारा एकदम खेचतो. पिक आधी एका तारेला लागतो, मग दुसरीला. बोटांनी दोन्ही स्वर एका क्षणी उमटतात. एवढ्याशा फरकाने धुनेला धार येते. शिवाय सुरुवातीला गिटार एकटीच असते. हाय-हॅट, ऑर्गन, ड्रम आणि बास नंतर येतात, त्यामुळे लय शिकणाऱ्याला स्वतःच सांभाळावी लागते.

हे गाणं ज्यात आहे, त्या १९७२च्या ‘मशीन हेड’ या अल्बमची सुरुवात ‘हायवे स्टार’ने होते. त्यातल्या सोलोत बाखच्या वळणाची वेगवान स्वरमाला आहे. ती हाती यायला खूप रियाज लागतो.

पुस्तकातले स्केल रुक्ष वाटून गिटार कोपऱ्यात ठेवणारी मुलं आवडत्या गाण्यासाठी मात्र तासन्‌तास बसतात. शिक्षकांनी या ओढीचा उपयोग करावा आणि पहिल्याच आठवड्यात एक खरं गाणं हाती द्यावं, असा या अंकाचा आग्रह आहे.