उलटी बाजू पाहा!



आज आधी माझी एक फजिती सांगते. हसायचं असेल तर खुशाल हसा!

थंडीचे दिवस तोंडावर आले होते. मोबाइलवर चाळता चाळता मला एक सुरेख गोधडी दिसली. निळी-पिवळी ठिगळं, त्यांवर धावदोऱ्याचे बारीक टाके. खाली लिहिलं होतं, 'हाताने शिवलेली'. किंमत तर इतकी कमी, की मी पुढचा-मागचा विचार न करता मागवून टाकली. आठ दिवसांनी पार्सल आलं. आईने घडी उलगडली, वरून हात फिरवला, मग गोधडी उलटी केली आणि म्हणाली, "अगं, हिला उलटी बाजूच नाही!"

म्हणजे काय? तर मागे नुसतं कोरं पांढरं कापड! ठिगळं छापलेली होती. एवढंच काय, टाकेसुद्धा छापलेले होते! चारी कडांना तेवढी मशीनची शिलाई मारलेली. मी चांगलीच हिरमुसले. आई मात्र म्हणाली, "पैसे देण्याआधी नुसता हिशेब केला असतास, तरी कळलं असतं."

कसला हिशेब? चला, आपणच करून पाहू. कागद-पेन्सिल घ्या.

समजा, गोधडी ६ फूट लांब आणि ४ फूट रुंद आहे. दर अर्ध्या इंचावर टाक्यांची एक ओळ धरू. ४ फूट म्हणजे ४८ इंच, म्हणजे ओळी झाल्या ९६. प्रत्येक ओळ ६ फुटांची, म्हणजे ७२ इंच. इंचाला ४ टाके धरले तर एका ओळीत २८८ टाके. आता २८८ गुणिले ९६ करा. किती आले? २७,६४८! मिनिटाला १० टाके पडतात असं मानलं, तरी झाले जवळजवळ ४६ तास. घरचं सगळं आवरून रोज चार तास बसलं, तर साडेअकरा दिवस. त्यात कापड धुणं, ठिगळं कापणं, थर अंथरून बेतणं धरलेलंच नाही बरं का! आता सांगा, इतक्या दिवसांची मेहनत दोन वडापाव आणि एका चहाच्या पैशांत कशी मिळेल? मिळत असेल, तर एक तर ती वस्तू हाताची नाही, नाहीतर त्या हातांना त्यांचा मोबदला मिळालेला नाही.

म्हणून हाताने केलेली वस्तू पाहिली की पहिला प्रश्न 'केवढ्याला?' हा नको. पहिला प्रश्न हवा, 'कुणाच्या हातची?'

हा प्रश्न किती मोलाचा आहे, ते सांगायला आज तुम्हाला दूर अमेरिकेतल्या एका खेड्यात नेते. अलाबामा राज्यात अलाबामा नावाचीच नदी आहे. तिच्या एका मोठ्या वळणात, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेलं एक गाव आहे, जीज बेंड. पूर्वी तिथे कापसाचा मोठा मळा होता आणि त्यात आफ्रिकी वंशाच्या गुलामांना राबवलं जाई. १८६५ साली अमेरिकेतली गुलामगिरी संपली, पण गरिबी काही संपली नाही. त्यांची मुलं-नातवंडं त्याच जमिनीवर दुसऱ्यासाठी कापूस पिकवत राहिली. गावात आजही कितीतरी जणांचं आडनाव पेटवे आहे. हे आडनाव आलं कुठून? तर त्या मळ्याच्या एका मालकाकडून!

तिथली घरं लाकडी फळ्यांची. फटींतून वारा आत यायचा. मग बायका काय करायच्या? दिवसभर शेतात राबून आल्यावर जुन्या, विटलेल्या कपड्यांचे तुकडे जोडून पांघरुणं शिवायच्या. त्याला तिकडे क्विल्ट म्हणतात. आपल्या गोधडीची लांबची बहीणच म्हणा ना! वर ठिगळांचा थर, मध्ये कापूस, खाली अस्तर आणि तिन्ही थरांना धरून ठेवणारे टाके. गुडघ्यावर विरलेल्या विजारी, पिठाच्या गोण्या, काही म्हणून वाया जात नसे.

१९४२ सालची गोष्ट. मिझुरी पेटवे नावाच्या बाईंचे पती वारले. त्यांनी पतीचे शेतात घालायचे कपडे काढले आणि मुलीला हाताशी घेऊन त्यांची क्विल्ट शिवली. कशासाठी? तर ते पांघरलं की त्यांची आठवण जवळ राहावी म्हणून. त्या कपड्यांवरचे मळाचे डाग, उन्हाने उडालेला रंग, उसवलेल्या खिशाची गडद खूण, सगळं तसंच ठेवलं. आज ती क्विल्ट वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट या मोठ्या कलासंग्रहालयात आहे. डागांसकट!

पण या गावच्या कलेची ओळख जगाला सहजासहजी झाली नाही. १९६२ साली तर गावाची नावच बंद झाली. का माहीत आहे? गावातले लोक मतदार म्हणून नाव नोंदवायला नदीपलीकडच्या कॅमडेन गावी जाऊ लागले होते. कृष्णवर्णीयांनी मत द्यावं, हे तिथल्या सत्ताधाऱ्यांना नको होतं. नाव बंद झाली आणि पलीकडे दिसणारं गाव रस्त्याने तासाभराचा वळसा घालण्याइतकं दूर गेलं. ती नाव पुन्हा सुरू झाली थेट २००६ साली. वजाबाकी करा पाहू. तब्बल ४४ वर्षं!

बायका मात्र स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ साली आसपासच्या बायकांनी मिळून 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. क्विल्ट विकायच्या आणि पैसे करणारीच्या हातात द्यायचे. पुढे १९७२ साली एका मोठ्या दुकानासाठी उशांचे अभ्रे शिवायचं काम मिळालं, कॉर्डरॉय कापडाचे. उरलेल्या चिंध्या घरी आल्या आणि त्यांच्याही झाल्या क्विल्ट! २००२ साली ह्यूस्टन शहरात या क्विल्ट भिंतींवर चित्रांसारख्या मांडल्या गेल्या, पुढे न्यूयॉर्कमध्येही. लोक थक्क झाले. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या नक्षीची १० तिकिटं काढली.

तरी अडचण एक होतीच. नाव झालं, पण घ्यायचं झालं तर घेणार कुठून? गाव आडवाटेला. मध्ये कुणी व्यापारी आला की मूळ हाताला किती आणि मधल्याला किती, कोण जाणे! मग २०२१ साली गावातल्या काही जणींनी एट्सी या संकेतस्थळावर स्वतःच्या नावाची दुकानं उघडली. आता जगात कुठेही बसून माणूस बघू शकतो, की ही क्विल्ट अमकीच्या हातची. ज्या गावाची नावसुद्धा तोडली होती, त्याच्या दारापर्यंत संगणकाने वाट नेली.

पाहिलंत ना? ज्या मोबाइलने मला छापील टाके विकले, त्याच मोबाइलवर खऱ्या टाक्यांचं गावही सापडतं. फरक आपल्या बघण्यात आहे. तर आता बघायचं कसं, ते ऐका.

पहिलं, उलट बाजूचा फोटो मागा. हाताच्या भरतकामात मागे गाठी, दोऱ्याची टोकं, एका फुलावरून दुसऱ्यावर गेलेला धागा दिसतो. दुसरं, फोटो मोठा करून टाके बघा. हाताचे टाके भावंडांसारखे असतात, सारखे पण अगदी एकसारखे नाहीत! तिसरं, शब्द नीट वाचा. 'हातमागाचं' वेगळं आणि 'हातमागासारखं' वेगळं. त्या 'सारखं'मध्येच सगळी गोम असते. आपल्याकडे हातमागाच्या कापडासाठी २००६ सालापासून 'हँडलूम मार्क' ही सरकारी खूण आहे, ती शोधा. आणि चौथं, करणाऱ्याचं नाव-गाव दिलंय का ते बघा. नसेल, तर विचारा.

शिवणाचं सामान घेतानाही गमती आहेत. हातसुईचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. मशीनच्या सुईचं नेमकं उलटं, नंबर मोठा तर सुई जाड! पाकिटावर ९०/१४ असं लिहिलेलं असतं, त्यातले ९० म्हणजे सुईची जाडी ०.९ मिलिमीटर. भरतकामाच्या दोऱ्याच्या लडीत बहुधा ६ पदर असतात, ते सुटे करून एक किंवा दोन पदरांनीही भरता येतं. परदेशी दुकानात कापड यार्डात मोजतात. एक यार्ड म्हणजे ९१.४४ सेंटीमीटर, आपल्या मीटरपेक्षा कमी. भाव ताडून बघताना हे विसरू नका. रंगाचं तर बोलायलाच नको! पडद्यावरचा मोरपंखी घरी येऊन साधा निळा निघू शकतो. म्हणून जास्त कापड घ्यायचं असेल तर आधी एक छोटा तुकडा मागवावा. सुती कापड बेतण्याआधी धुवून घ्यावं, म्हणजे नंतर आटून फजिती होत नाही.

आणि हो, बघणं तुमचं, पण घेणं आई-बाबांचं! पैसे भरायचं काम त्यांच्यासोबतच करायचं. मोबाइलवर आलेला ओटीपी कुणी फोनवरून विचारला तर द्यायचा नाही, अगदी गोड बोलून मागितला तरी. आई-बाबांनो, तुम्हालाही एक विनंती. मुलांनी 'हे कुणी केलं असेल?' असं विचारलं, तर 'तुला काय करायचंय' म्हणू नका. दोघं मिळून शोधा.

माझ्या त्या छापील गोधडीचं काय झालं, विचाराल. आईने ती फेकू दिली नाही. म्हणाली, "कापड तर आहे ना?" मग सुई काढली, माझ्या हातात दिली आणि छापलेल्या टाक्यांवरूनच खरे टाके घालायला बसवलं. पहिल्या दिवशी एक ओळ झाली, तीही नागमोडी. बोटाला दोनदा सुई टोचली. अजून निम्मीही झालेली नाही. पण आता हिला उलटी बाजू आली आहे!

या आठवड्यात तुम्हीही एक करा. घरातल्या ट्रंकेत, माळ्यावर जुनी गोधडी, दुपटं, भरलेला रुमाल असेल तर बाहेर काढा. उलटा करा. एका इंचात किती टाके आहेत ते मोजा. मग आजीला विचारा, की हे कुणी शिवलं, कुणाच्या लुगड्याचं, कुणासाठी? उत्तर तारखेसह वहीत लिहून ठेवा. करणाऱ्या हातांची नावं टाक्यांत कुठेच लिहिलेली नसतात. ती सांगणारं माणूस घरात आहे, तोवर विचारून घ्या.

सापडलेली नावं मला जरूर कळवा. वाट पाहते.