पाणी कशाने शुद्ध होते?

१९२७ साली आमच्या बांधवांच्या स्पर्शाने महाडचे चवदार तळे ‘बाटले’ म्हणून सनातन्यांनी त्यात शेण-गोमूत्र ओतून ते ‘शुद्ध’ केले! पाणी खरोखर कशाने शुद्ध होते, हे नागपूरच्या शाळांनी मुलांना शिकवावे, अशी आमची मागणी आहे. काठावरची लव्हाळी प्रवाह संथ करतात, गाळ खाली बसतो, मुळांवरचे जीवाणू घाण खातात. याच तत्त्वावर नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने सांडपाणी शुद्ध करणारी ‘फायटोरिड’ पद्धत विकसित केली. परंतु निसर्गाच्याही ताकदीला मर्यादा आहे. शहराचे सांडपाणी पोटात घेणारी नाग नदी ती घाण कन्हान, वैनगंगेतून गोसेखुर्द धरणापर्यंत नेते. विद्यार्थ्यांना या नदीकाठी न्या. पाणी नेमके कोण बाटवतो, हे त्यांना तिथेच कळेल.