फाटकातून जे दिसत नाही

भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरकडं कमी फीच्या इंग्रजी शाळेलाही ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात. गावात झेडपीची मोफत शाळा असताना रोवणीला जाणारी आई पोराला टाय लावून ऑटोत बसवते. या शाळांविषयी दोन मतं हिरिरीनं मांडली जातात. दोन्ही मला अमान्य आहेत.

पहिलं मत : ही दुकानं आहेत, कुलूप लावा. शिक्षण हक्क कायद्याच्या १८व्या कलमात ती सोय आहेच. विनामान्यता शाळेला १ लाख रुपयांपर्यंत दंड, तरीही चालवली तर दिवसाला १०,०००. पण आईनं भरलेली फी परत देणारी तरतूद त्या कलमात नाही. मान्यतेसाठी खोल्या, मैदान, कुंपण मोजतात. पोराला वाचता येतं का, हा प्रश्न कायद्याच्या परिशिष्टात नाही. गुजरातनं २०१२च्या नियमांत तो घातला आणि इमारतीपेक्षा त्याला जास्त वजन दिलं.

दुसरं मत : आईबाप पैसे मोजतात, पटलं नाही तर पोराला काढतील, सरकारनं मध्ये पडू नये. गरिबाला निवड कळते, हे मला मान्य आहे. पण तो निवडतो ते फाटकापाशी उभा राहून. गणवेश दिसतो, पाठ केलेली इंग्रजी कविता ऐकू येते. मॅडम डी.एड. आहेत की नुसत्या बारावी, त्यांच्या हाती महिन्याला किती पडतात, आग लागली तर पोरं कुठून बाहेर पडणार, हे तिथून दिसत नाही. १६ जुलै २००४ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुलं जळून गेली. तिथल्याही आईबापांनी शाळा निवडलीच होती. आणि काढायचं म्हटलं तरी कसं? धानाचे चुकारे लांबले की फी थकते, फी थकली की दाखला अडतो.

म्हणून तपासणी हवीच, पण जे फाटकातून दिसत नाही त्याची. आगीपासूनची सोय, ऑटोतली गर्दी, शिक्षकांची पात्रता, त्यांचा पगार. तिसरीच्या मुलांचं वाचन बाहेरच्या माणसानं ऐकावं आणि निकाल मराठीत फाटकावर लावावा. स्वतःचं मैदान नसेल तर गावाचं चालवून घ्यावं.

सरकारनंही आपलं देणं द्यावं. शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांची प्रतिपूर्ती वेळेवर देण्याऐवजी फेब्रुवारी २०२४मध्ये सरकारी शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना त्या जागांतूनच सूट दिली गेली. १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली, हे योग्यच झालं.

फीच्या तक्रारीची गोष्ट तर वेगळीच. फी नियमन कायद्यातल्या २०१८च्या दुरुस्तीनं विभागीय शुल्क नियामक समितीकडं तक्रार घेऊन जायला शाळेतले २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. मजुरी बुडवून एवढी माणसं कोण गोळा करणार? एकट्या आईचा अर्जही लाखांदूरच्या पंचायत समितीत घेतला जावा, आणि सुनावणी आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवावी. त्या दिवशी ती तिथं येतेच.