टेम्पो कुठला? गाडीचा की गाण्याचा?



भाईंदर पश्चिमेला विसर्जनाची मिरवणूक खाडीकडे निघाली होती. पुढे शाळकरी मुलांचं लेझीम, मागे ढोल-ताशे आणि त्यामागे टेम्पोत बाप्पा. ताशेवाल्यांना असा रंग चढला की हात भराभर पडू लागले. बिचारी लेझीमवाली मंडळी! कुणाचा पाय पुढे, कुणाचं लेझीम मागे. एक चिमुरडी तर रडकुंडीलाच आली. तेवढ्यात एक दादा ओरडला, "अरे, टेम्पो कमी करा!" आणि ड्रायव्हरकाकांनी कचकन ब्रेक दाबला! खरं तर त्यांची गाडी आधीच मुंगीच्या पावलांनी चालली होती.

हसलात ना? पण काकांचं तरी काय चुकलं? शब्द एकच!

लॅटिनमध्ये 'टेम्पुस' म्हणजे काळ, वेळ. त्यापासून इटालियन भाषेत झाला 'टेम्पो'. संगीतातले कितीतरी शब्द इंग्रजीनं इटालियनकडून उचलले, त्यातलाच हा. आपण जिला लय म्हणतो, तोच त्यांचा टेम्पो. आपल्याकडे विलंबित, मध्य आणि द्रुत. त्यांच्याकडे लार्गो, आंदान्ते, प्रेस्तो. आंदान्ते म्हणजे चक्क 'चालत चालत'!

आता आजोबांची चाल वेगळी आणि तुमची वेगळी. मग नेमकं किती वेगानं वाजवायचं? १८१५ साली मेल्त्सेल यांनी मेट्रोनोम नावाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते टिक्‌ टिक्‌ करून लय दाखवतं. आकडा ६० असेल, तर मिनिटाला ६० ठोके, म्हणजे सेकंदाला एक.

आणि गाडी? जर्मन भाषेत टेम्पो म्हणजे वेग. हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या तीनचाकी गाड्यांचं नावच 'टेम्पो' होतं. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीनं त्यांच्या सहकार्यानं तशा गाड्या भारतात बनवल्या. २००५ साली कंपनीनं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. आपण मात्र कुठल्याही कंपनीच्या छोट्या मालगाडीला अजून टेम्पोच म्हणतो!

मिरवणुकीचं पुढे काय झालं? ढोलवाल्या काकांनी हात वर केला आणि लय उतरवली. त्या चिमुरडीचा पाय ठेक्यात पडला, रांग पुन्हा जुळली. सगळ्यांची वेळ एक झाली की झालं!

आता तुमची पाळी. आपलं राष्ट्रगीत पूर्ण म्हणायला साधारण ५२ सेकंद लागतात. बाईंना घड्याळ लावायला सांगा. तुमच्या वर्गाचा टेम्पो काय निघतो, बघा बरं!