थांब म्हटलं की थांब!

'स्टॅच्यू' खेळता ना? स्टॅच्यू म्हटलं की एक पाय हवेत असला तरी हलायचं नाही. (आमच्या चौथीच्या वर्गात दोघंतिघं हमखास हलतात, ती गोष्ट वेगळी!)

कॉम्प्युटरच्या प्रोग्रामलाही कधीकधी असंच थांबवावं लागतं. समजा, निकालपत्रकाच्या प्रोग्रामला कुणाचे तरी १०० पैकी १२० गुण सापडले. काहीतरी नक्की चुकलंय. तरी तो तसाच पुढे गेला तर? सरासरी चुकणार, आणि एखादीचा पहिला नंबर हकनाक जाणार. म्हणून लिहिणारा आधीच लिहून ठेवतो, 'गुण १०० हून जास्त दिसले तर इथेच थांब.'

पण प्रोसेसरला आपली भाषा कुठे कळते? त्याला कळतात फक्त संख्या. हा अनुवाद करतो कंपायलर. इंटेलच्या जातीच्या प्रोसेसरसाठी 'इथेच थांब' हे तो १५ आणि ११ अशा दोन संख्यांत लिहितो. या आज्ञेचं नाव यूडी-टू. गंमत म्हणजे ही आज्ञा मुद्दामच निरर्थक ठेवलेली आहे! ती आली की प्रोसेसर अडतो, 'असलं काही मला येत नाही' अशी तक्रार ऑपरेटिंग सिस्टिमकडे नेतो, आणि ती तो प्रोग्राम बंद करते.

आता कंपायलरनंच ही आज्ञा गाळली तर? तो भारी काटकसरी, नको वाटलेल्या ओळी छाटून टाकतो. म्हणून त्याचीही परीक्षा घेतात. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात २००० साली सुरू झालेल्या एलएलव्हीएम या प्रकल्पात अशा हजारो छोट्या परीक्षा आहेत. कंपायलरला चार-पाच ओळींचा प्रोग्राम द्यायचा, 'थांब' एवढंच सांगणारा. तो चालवायचा नाहीच! कंपायलरनं काय लिहिलं तेवढं तपासायचं. यूडी-टू सापडलं तर पास. मोबाइलमधल्या ६४ बिटच्या आर्म प्रोसेसरसाठी उत्तर वेगळं, तिथं 'बीआरके' हवं. कंपायलरमध्ये काही बदललं की परीक्षा पुन्हा पहिल्यापासून.

हे वर्गात सांगितलं तर एक मुलगी म्हणाली, "बाई, बंद कशाला पाडायचं? त्यानंच चूक सुधारायची ना! आपलं न साठवलेलं कामही जातं." काम जातं हे खरं. पण १२० च्या जागी १२ होते की ९०, हे प्रोग्रामला कुठून कळणार? ते उत्तरपत्रिका काढून बाईंनाच बघावं लागतं.