ड्यूटी फ्री : खरेदीआधीचे दोन हिशेब

अमेरिकेला मुलाकडे निघालेले पती-पत्नी बंगळुरूच्या विमानतळावर सगळ्या तपासण्या उरकून मोकळे होतात. विमानाला अजून दोन तास असतात आणि समोर झगमगती दुकाने. साडीसाठी चार दुकाने पालथी घालणारी गृहिणीही इथे भाव विचारत नाही. ‘ड्यूटी फ्री’ म्हणजे स्वस्तच असणार! व्याह्यांसाठी विलायती मद्याची बाटली घेतली जाते. वाटेतल्या विमानतळावर मात्र तपासनीस ती बाजूला काढतो. सीलबंद पिशवी हातात नीट मावेना म्हणून यजमानांनी ती विमानातच फोडलेली असते.

“अहो, व्याह्यांची बाटली!” असे म्हणेपर्यंत ती कचरापेटीत गेलेली असते.

या दुकानांत कर का नसतो, याचा एक महत्त्वाचा निवाडा बंगळुरूच्याच दुकानांवरून झाला. विमानतळावर भारत पर्यटन विकास महामंडळाची ड्यूटी फ्री दुकाने होती. त्यांच्या विक्रीवर कर्नाटक सरकारने कर मागितला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हा आयात माल सीमाशुल्काची हद्द ओलांडून देशात आलेलाच नाही, तेव्हा राज्याला त्यावर कर घेता येणार नाही. थोडक्यात, दुकान बंगळुरूत असले तरी माल उंबरठ्याबाहेरच असतो.

म्हणून पहिला हिशेब भावाचा. कर गेला तरी दुकानाचे भाडे आणि नफा किमतीत असतोच. मद्य, सिगारेट यांवर एरवी भरमसाट कर असतो, त्यामुळे तिथे फरक जाणवतो. चॉकलेटे किंवा खेळणी मात्र गावातच स्वस्त मिळू शकतात. घरून निघताना बाजारभाव टिपून घ्यावा.

दुसरा हिशेब पुढच्या उंबरठ्याचा. करमाफी तिथपर्यंतच चालते, पुढे त्या देशाचा नियम. अमेरिकेत एकवीस वर्षांवरील प्रवाशाला साधारणपणे एक लिटर मद्य करमाफ असते. भारतात परतताना ही मर्यादा दोन लिटर आहे. वाटेत विमान बदलायचे असेल तर दुकानदाराला आधीच सांगावे. १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली पारदर्शक, सीलबंद पिशवीत पावतीसह घ्यावी आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत पिशवी उघडू नये. अमेरिकेत उतरून पुढे दुसरे विमान पकडायचे असल्यास पहिल्याच विमानतळावर मोठे सामान हाती येते. ते पुन्हा सोपवण्यापूर्वी बाटली कपड्यांत गुंडाळून त्यात ठेवावी.

आणि वस्तू बंगळुरूच्या घरासाठीच हवी असेल, तर जाताना ओझे कशाला? परतताना उतरल्यावरही तिथे ड्यूटी फ्री दुकान आहेच. तोवर हातात मोकळी जागा राहते आणि नातवाला कडेवर घ्यायला ती लागणारच असते.